बारावं वाक्य

उरणजवळच्या मोऱ्याहून आईचा फोन आला तेव्हा उन्नती ऑफिसात डबा उघडून बसली होती. आई कधी भर दुपारी फोन करत नाही, त्या वेळी ती जरा आडवी झालेली असते. त्यामुळे स्क्रीनवर नाव बघताच उन्नतीनं हातातला घास ठेवून फोन उचलला. आईनं जेवलीस का, पोरगी शाळेत गेली का, असलं काही विचारलं नाही. सरळ सांगितलं, की शेजारच्या राहीबाईच्या किसननं टीबीच्या गोळ्या सोडल्या आहेत, अकरा दिवस झाले, आणि तो कुणाचं ऐकत नाही.

का सोडल्या, असं उन्नतीनं विचारलं.

"मूत लाल व्हतंय म्हनं. रगत जातंय म्हनतो," आई म्हणाली. "दवाखान्याची आशाताई सांगते, गोलीचा रंग हाय तो. पन राही काय ऐकते? ती म्हनते, आपल्या उन्नतीनं फोनात सगला सांगला, यो नाय सांगला. खरा आसता तर तिनं सांगला नसता?"

उन्नतीनं डब्याला झाकण लावलं. पुढं आई बरंच काही बोलली, ते तिच्या कानावरून गेलं. बारावं वाक्य, एवढंच तिच्या डोक्यात होतं. सव्वीसातलं बारावं.

त्याचं असं झालं होतं. नेरूळला एक लहानशी संस्था आहे. तिथली मंडळी आजारपणाच्या माहितीचे इंग्रजी कागद घेतात आणि या शहरात जी जी भाषा बोलली जाते तिच्यात ते आणतात. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी आवाजात भरून फोनवर पाठवतात. पैसे कुणालाच मिळत नाहीत, चहा मिळतो. उन्नती एका मैत्रिणीसोबत सहज गेली आणि भिंतीवरची यादी बघत उभी राहिली. भोजपुरी होती, कन्नड होती, तेलुगू होती, बंगाली होती. काम वाटून देणाऱ्या प्राचीला तिनं विचारलं, की कोळीवाड्यांसाठी काही नाही का. प्राची म्हणाली, त्यांना मराठी आहे ना. उन्नती म्हणाली, तुमचा हा मराठी कागद माझ्या आईला वाचून दाखवा आणि तिला काय कळलं ते मला येऊन सांगा.

असं फटकन बोलून गेल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं. मोऱ्याच्या गंगाराम कोळ्याची ही मुलगी लग्न करून वाशीच्या सोसायटीत आली त्याला दहा वर्षं झाली होती, आणि या दहा वर्षांत तिनं आपलं 'हाय' आणि 'नाय' इतकं नीट घडी घालून आत ठेवलं होतं, की सोसायटीतल्या बायका तिला पुण्याकडची समजत. तिनंही कधी ते खोडून काढलं नव्हतं. आता एकदम चारचौघांत आपली बोली मागून घेतली म्हटल्यावर तिला हलकं वाटलं. बसमध्ये ती स्वतःशीच त्या बोलीत पुटपुटत घरी आली.

कागद टीबीचा होता, सव्वीस वाक्यांचा. लिहून काढायला तिला तीन संध्याकाळी पुरल्या. खरी पंचाईत झाली ती आवाज भरताना. रविवारची दुपार होती. नवरा आशुतोष कामावर गेला होता आणि सासरे, अण्णा, हॉलमध्ये होते. अण्णा मनानं चांगला माणूस, आणि घोटाळा तिथंच होता. सूनबाई लोकांसाठी काहीतरी करते आहे याचं त्यांना भारी कौतुक. त्यांनी टीव्ही बंद केला, आवाज नको म्हणून पंखा बंद केला, नातीला गप्प बसवलं, आणि गुडघ्यांवर हात ठेवून खुर्चीत बसले. मोठ्यानं म्हण गं, म्हणाले, आम्हालाही तुमची भाषा ऐकू दे. सासरा कजाग असता तर उन्नतीनं धाडकन दार लावून घेतलं असतं. कौतुक करायला बसलेल्या माणसाच्या तोंडावर दार कसं लावायचं?

अकरा वाक्यं सुरळीत गेली. बारावं असं होतं, की या गोळ्यांनी लघवीचा, घामाचा, डोळ्यांतल्या पाण्याचा रंग केशरी-लाल होतो, ते रक्त नसतं, घाबरायचं कारण नाही. आता मराठीत लघवी म्हटलं की कसं दवाखान्यात बसल्यासारखं वाटतं, शब्दाला पांढरा कोट घातलेला असतो. मोऱ्यात त्याला एकच शब्द, आणि तो असा काही मोठ्यानं म्हणायचा नसतो, निदान सासऱ्यासमोर तरी नाही. उन्नतीनं दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. अण्णा मान हलवून तिला उत्तेजन देत होते. ती तेराव्या वाक्यावर गेली.

एकोणिसाव्यालाही ती अडखळली, पण ते कारण वेगळं. तिथं लिहिलं होतं, की औषध मधेच सोडलं तर आजार हट्टी होतो, मग याच गोळ्या लागू पडत नाहीत आणि माणूस दगावतो. हे आपल्या आवाजात, आपल्याच माणसांना सांगायचं? आणि ते दिवेलागणीच्या वेळेला कुणाच्या घरात वाजलं तर? असलं अभद्र बोलायला तिची जीभ रेटेना. तिनं ते मऊ करून टाकलं. गोल्या मदीच सोरू नका, तब्येतीला बरा नसतं, असं म्हणाली आणि पुढं गेली. हे तिला गाळल्यासारखं वाटलंसुद्धा नाही, उलट जमल्यासारखं वाटलं.

संस्थेचा एक नियम होता. प्रत्येक वाक्यापुढं त्याच भाषेच्या दुसऱ्या कुणीतरी ऐकून खूण करायची. कोळ्यांच्या बोलीला दुसरं माणूसच नव्हतं. प्राची म्हणाली, तूच कर दोन्हीकडे, तुझ्यावर विश्वास आहे. उन्नतीनं सव्वीसच्या सव्वीस खुणा केल्या. बाराव्यापुढंही केली.

आणि ती फाईल मोऱ्यात काय गाजली म्हणता! गंगारामची पोर फोनात बोलते, म्हणून लोक धक्क्यावर ऐकत होते, मासळी निवडता निवडता ऐकत होते. ज्यांना ना टीबी ना खोकला, त्यांनीही दोनदोनदा ऐकली. आईनं सांगितलं, की राहीबाईला तर पाठ झाली आहे. उन्नती आठ दिवस हवेत होती. मग किसनला टीबीचं निदान झालं, सरकारी दवाखान्यातून गोळ्या सुरू झाल्या, आणि राहीबाईनं पहिल्या दिवशी काय केलं असेल तर मुलाच्या कानाशी फोन धरला.

आता डबा बाजूला ठेवून उन्नती जिन्यात गेली. वाशीच्या भाजी-फळांच्या घाऊक बाजाराला लागून असलेल्या त्या इमारतीत जिना हीच काय ती एकांताची जागा, तीही गुटख्यानं रंगलेली. तिथं उभं राहून तिनं ते बारावं वाक्य आपल्या बोलीत, त्या एका शब्दासकट, रेकॉर्ड केलं आणि आईला पाठवलं. लगेच राहीआत्याला ऐकव, असं सांगितलं. वीस सेकंदांचं काम. हे तेव्हाच केलं असतं तर, असं मनात आलं आणि तिला स्वतःचा भयंकर राग आला.

तासाभरानं आईचा फोन आला. राहीबाईनं ऐकलं आणि सांगितलं, की हे आशाताईचं कारस्थान आहे. आशाताईनं पोरीला फोन केला असणार आणि हे बोलून घेतलं असणार. आधी कशी नाही बोलली? आणि किसनचं म्हणणं त्याहून पक्कं होतं. गोळ्या सोडल्या आणि दोन दिवसांत सगळं पहिल्यासारखं साफ झालं, मग रगत गोळीनंच काढलं की नाही? रंग गोळीचा म्हणून गोळी थांबल्यावर तो गेला, हे त्याला कोण पटवणार? रोज रात्री त्याला ताप भरत होता, असंही आई म्हणाली.

त्यानंतर उन्नतीनं जे काही टाइप केलं ते पुन्हा करावं लागलं. द्राक्षांच्या बिलावर कांदा लिहिला. साहेबांनी तब्येत बरी नाही का विचारलं. ती पाणी प्यायला उठायची आणि न पिताच परत यायची. शेवटी तिनं प्राचीला फोन लावला आणि सगळं सांगितलं. आपण लाजेनं वाक्य गाळलं, हेही सांगितलं. प्राचीनं तिची समजूत घातली. म्हणाली, उद्या तू स्वतः जा, आणि सांग की फाईल पाठवताना मधला तुकडा कापला गेला. टेक्निकल झालं म्हणायचं. तू लाजलीस असं सांगितलंस तर तुझ्यावरचा विश्वास उडेल, आणि आत्ता तो माणूस वाचायचा तर तुझ्यावरच्या विश्वासानंच वाचणार आहे.

हे ऐकायला बरोबर होतं. उन्नतीनं ते धरून ठेवलं. दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती उरणच्या बसमध्ये बसली. वाटेत उलव्याचे टॉवर गेले, कंटेनरच्या रांगा गेल्या, खाडी गेली, तिला काही दिसलं नाही. ती एकच वाक्य घोळवत होती, 'फाईल कापली गेली, आत्या.' बस सिग्नलला थांबली की तिला वाटे, उतरावं आणि चालत सुटावं. गोळ्या सोडल्याचा आज बारावा दिवस. एकोणिसावं वाक्य तिला आता पहिल्यांदा नीट समजत होतं, तिनं स्वतः मऊ केलेलं.

किसन ओट्यावरच्या बाजेवर पडला होता. उन्नतीहून आठदहा वर्षांनी मोठा, लहानपणी तिला होडीत बसवून फिरवणारा गडी. त्याची हाडं शर्टातून दिसत होती. राहीबाई उंबऱ्यात बसली होती. उन्नतीला बघून तिचा चेहरा उजळला, ते उन्नतीला सहन होईना. उन्नतीचे आईवडील मागोमाग आले, शेजारच्या दोघी आल्या. फोनात बोलणारी पोर आली म्हटल्यावर यायचेच.

राहीबाईनं तिचा हात धरून तिला जवळ बसवलं आणि किसनला म्हणाली, की आता हिला विचार, ही खोटं बोलायची नाही.

उन्नतीनं बसमध्ये घोळवलेलं वाक्य काढलं. फाईल पाठवताना मधला तुकडा कापला गेला, म्हणाली. तिचा आवाज तिलाच फाईलमधल्यासारखा, गोड आणि सफाईदार ऐकू आला.

किसन कुशीवर झाला. "कुठं कापली?" त्यानं विचारलं. "मी पन्नास येला आयकली आसंल. कुठं तुटत नाय. पानी उकलून प्या म्हनलीस, मंग लगेच खोकताना तोंडाव फडका धरा म्हनलीस. मदी काय व्हता?"

त्याला ती फाईल तिच्याहून चांगली पाठ होती. उशाशी फोन होता, त्याच्यावर ती अजून असणार. रात्री ताप भरला की हा आपला आवाज लावून पडत असेल, असं उन्नतीच्या मनात आलं आणि मग मात्र खोट्याचा धीर तिला राहिला नाही.

"काय कापला नाय," ती म्हणाली. "मीच नाय बोलली. कागदाव लिवलेला व्हता. गोलीनं मूत लाल व्हतं, ता रगत नाय, असा लिवलेला व्हता. सासरा समोर बसला व्हता, मना लाज वाटली."

बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपला बाप ओट्याखाली उभा आहे. गंगाराम मान खाली घालून अंगठ्यानं जमीन उकरत होता. शेजारणींपैकी एक तोंडाला पदर लावून हसली आणि दुसरीनं तिला कोपरानं ढोसलं. राहीबाईनं उन्नतीचा हात सोडला. जोरानं झटकला वगैरे नाही, नुसता सोडला.

 किसननं आढ्याकडे बघत सांगितलं, की त्यानंही आठ दिवस कुणाला सांगितलं नव्हतं. लाल दिसलं तेव्हा तो घाबरून बसला होता, पण आईला कसं सांगायचं? पहाटे सगळ्यांच्या आधी उठून लांब जायचा. मेल्यावर कळेलच त्यांना, असं ठरवलं होतं. हे सांगताना त्याला खोकला आला.

उन्नतीला वाटलं, झालं, पटलं याला. तिनं आशाताईनं ठेवलेलं गोळ्यांचं पाकीट फळीवरून काढलं. किसननं ते घेतलं नाही. त्यानं तिच्याकडे बघितलं.

"आजून काय नाय बोललीस?" त्यानं विचारलं.

उन्नतीनं पाकीट बाजेवर ठेवलं. काही नाही, असं म्हणता आलं असतं. त्यानं ते ऐकून गोळी घेतलीही असती कदाचित, आज तरी. पण हा माणूस आपला शब्द पन्नासदा ऐकतो आणि त्यातली रिकामी जागासुद्धा ऐकतो, हे आता तिला कळलं होतं.

"एक हाय," ती म्हणाली. "गोल्या मदीच सोरल्या तं आजार हट्टी व्हतो. मंग या गोल्या चालत नाय. मानूस मरतो. मी ता बरा नसतं म्हनून सांगला. मरतो म्हनाला माजी जीब नाय वलली."

"अगं बाय," राहीबाई म्हणाली, आणि तिनं दोन्ही हात कानांवर ठेवले. मग तिनंच ते खाली घेतले. "किती दिस सोरल्याव मरतो?"

ते कागदावर नव्हतं. उन्नतीनं तसं सांगितलं, आणि सगळ्यांसमोर आशाताईला फोन लावून स्पीकरवर ठेवला. आशाताई म्हणाली, की आजच्या आज सुरू करा, उद्या सकाळी थुंकी तपासायला घेऊन या, अकरा दिवसांत काही बिघडलं असेल तर तपासणीत कळेल. नसेलही बिघडलं. आत्ता कुणीच सांगू शकत नाही.

किसन उठून बसला. त्यानं पाणी मागितलं. गोळ्या एकेक करून गिळल्या, शेवटची घशात अडकली तर आणखी पाणी मागून घेतलं.  उन्नतीला रडू येत होतं, पण आपण रडलो तर सगळे आपल्यालाच समजावत बसतील म्हणून तिनं ते आवरलं. तपासणी होईतो आपण आईकडेच राहणार, असं ती म्हणाली. उद्या दवाखान्यात मीपण येते, आत्या, म्हणाली.

राहीबाईनं रिकामा तांब्या उचलला. तिचा आवाज चढला नव्हता.

"किसन दोन येला बोलला मना, आये, मी गेल्याव होडी कुनाला देशील," ती म्हणाली. "तरी आशाताईला मी म्हनली, आपली पोर बोलते ताच खरा. दवाखान्याला खोटा पारला मी तुज्यासाठी. उद्या ये, गारीत बस. पन रिपोर येईस्तोवर माज्याशी बोलू नको."

उन्नती बरं म्हणाली.